अण्णांनी पाणी घेतलं का?

खर्ड्याच्या आसपासच्या गावांत एखाद्या घरी सोयरिकीची बैठक झाली, की संध्याकाळी पारावर "जमलं का?" असं कुणी विचारत नसे. "अण्णांनी पानी घेतलं का?" एवढंच विचारत. घेतलं म्हटलं की विचारणारा टोपी सारखी करून "मग वाजंत्र्यांना सांगा" म्हणायचा. नाही म्हटलं की विषय बदलून कांद्याच्या भावाचं बोलायला लागायचा.

अण्णा म्हणजे गोरक्षनाथ. सत्तरीला टेकलेला माणूस, अंगात पांढरा सदरा, डोक्याला टोपी, काखेत रेक्झिनची पिशवी. थोडी कोरडवाहू जमीन, ती वाट्यानं दिलेली. स्वतः करायचे काय, तर लग्नं जमवायचे. जामखेडपासून पार श्रीगोंद्यापर्यंत कुणाची मुलगी लग्नाची आहे, कुणाचा मुलगा कुठं नोकरीला लागलाय, कुणाच्या आजोळाशी कुणाचं वाकडं आहे, हे सगळं त्यांच्या डोक्यात. मिळकत म्हणाल तर लग्नात एक टोपी, एक उपरणं आणि पंगतीत पहिलं पान. तेवढ्यावर माणूस खूश होता.

पाण्याची रीत पडली ती त्यांच्या उमेदीच्या काळात. एका घरी मुलाची चौकशी करायला गेले होते. मुलगा दिसायला राजबिंडा, विहिरीला बारमाही पाणी, पण गावात शिरतानाच कळलं होतं की दिवस मावळला की हा शुद्धीत नसतो. आता हे त्याच्या आईच्या तोंडावर सांगायचं कसं? ती बिचारी पदर सावरत तांब्या-पेला घेऊन समोर उभी. अण्णांना खोटं बोलवेना आणि खरं सांगवेना. त्यांनी पेल्याला हात लावला नाही, रामराम केला आणि उठले. माउली काय ते समजली. तेव्हापासून घर पसंत पडलं तर अण्णा पेला तळापर्यंत रिकामा करत, आणि नसलं तर भरला पेला तसाच ठेवून उठत. तोंडानं नाही म्हणायला काळीज घट्ट लागतं. अण्णांचं तसं नव्हतं म्हणून त्यांनी ही पळवाट काढली, आणि लोकांनी तिला शहाणपण ठरवून टाकलं. लोकांचं काय, चारदा केलेल्या गोष्टीची ते रूढी करतात.

बरं, माणूस मुळात पाण्याचा भोक्ता. पहाटे उठल्या उठल्या उपाशीपोटी तांब्याभर पाणी, न्याहारीनंतर तांब्या, भर दुपारी दोन. त्यांनी जमवलेल्या प्रत्येक लग्नात नवरा-नवरी पाया पडायला आले की आशीर्वादाबरोबर हा उपदेश ठरलेला: "भरपूर पानी पीत जा रं. तांब्याभर पानी सकाळी पोटात गेलं की दवाखान्याची पायरी चढायला लागत न्हाई." मोबाईल आल्यावर तर विचारूच नका. 'रोज तीन लिटर पाणी प्या, शंभर रोग पळवा' असले निरोप ते सकाळी सकाळी सगळ्या पाहुण्यांना पाठवत. निम्म्यांनी त्यांच्या निरोपांचा आवाज बंद करून ठेवला होता, पण हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मग विजयमाला गेल्या. त्यांची बायको. दुपारी कपडे वाळत घालून आत आल्या, जरा पडते म्हणाल्या, त्या उठल्याच नाहीत. मुलगा वैजनाथ चाकणला कंपनीत. दिवसकार्य उरकून तो बायकामुलांना घेऊन गेला आणि घरात अण्णा एकटे राहिले. वैजनाथचा दर रविवारी फोन यायचा. जेवलात का, बरं आहे ना, ठेवू का. मुलगा वाईट नव्हता. पण तिसरा प्रश्न तो फार लवकर विचारायचा.

माणसांत रमलेल्या माणसाला रिकामं घर खायला उठतं. अण्णा सकाळी भाकरी थापायचे, ती एका बाजूनं करपायची, दुसऱ्या बाजूनं कच्ची राहायची. भाजी-कोरड्यास करायचा कंटाळा, म्हणून लोणचं, खारवलेल्या मिरच्या नि पापड. ते खाऊन तहान लागायची, मग वरून पाणी. आणि भाकरी संपायच्या आत पिशवी काखेत मारून ते कुणाच्या तरी घराकडं निघायचे. लोकांना वाटायचं अण्णांची केवढी ही तळमळ. खरं सांगायचं तर तळमळ होतीच, पण ती "या अण्णा, बसा" हे तीन शब्द ऐकायची होती. कुणीतरी घाईघाईनं सतरंजी झटकायचं, आतून भांड्यांचा आवाज यायचा, मग ताटलीत पेला घेऊन कुणीतरी पुढं यायचं आणि घरातली सगळी माणसं श्वास रोखून त्यांच्या हाताकडं बघायची. तेवढा वेळ अण्णा एकटे नसायचे.

असं वर्षभर चाललं असेल. मग पाय सुजायला लागले. संध्याकाळी चपलेचा पट्टा लागेना. चढावर दम लागायला लागला, रात्री उताणं झोपलं की गुदमरायला व्हायचं. अण्णांनी स्वतःच निदान केलं, की अंगात घाण साठलीय, धुऊन काढली पाहिजे. आणि त्यांनी पाणी वाढवलं. एक तांब्या होता तिथं दोन केले. पाय आणखी सुजले. तेव्हा त्यांनी तिसरा वाढवला. शेवटी एक दिवस एसटीच्या पायरीवर पाय ठेवताना त्यांचा श्वासच अडकला, कंडक्टरनं धरून बसवलं, आणि वैजनाथ येऊन त्यांना नगरला हृदयाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला.

डॉक्टर तरुण होते, पण समजावून सांगणारे. म्हणाले, "आजोबा, तुमच्या हृदयाचा पंप अशक्त झालाय. आलेलं पाणी तो पुढं ढकलू शकत नाही. ते पायात आणि फुप्फुसात साठतंय. आजपासून दिवसाला सव्वा लिटर. त्यात चहा आला, ताक आलं, आमटी आली. मीठ कमी, आणि रोज सकाळी वजन करायचं."

अण्णांना वाटलं हा पोरगा चेष्टा करतोय. "सायेब, पानी कुनाला बाधलंय का कदी? सगळी म्हंत्यात तीन लिटर प्या."

"सगळ्यांचं सगळ्यांना लागू नसतं. बाहेर तो मूतखड्याचा पेशंट बसलाय ना, त्याला भरपूरच प्यायला सांगितलंय. उन्हात ऊस तोडणाऱ्या बाईला तीन लिटरही पुरणार नाही. धडधाकट माणसानं तहान लागेल तसं प्यावं, उन्हाळ्यात जरा जास्त. पण तुमचं हृदय वेगळं, म्हणून तुमचं माप वेगळं. दुसऱ्याची चप्पल घालून तुम्ही चालाल का?"

 जन्मभर ज्याला त्याला एकाच मापाची चप्पल वाटत आलो, हे अण्णांच्या लक्षात आलं असावं. परतीच्या वाटेवर वैजनाथनं लिटरभराची स्टीलची बाटली घेऊन दिली आणि सांगितलं, सकाळी ही भरायची, संपली की संपलं, वरचं थोडं चहापाण्याला. आणि म्हणाला, "अण्णा, गावात सांगून ठेवा सगळ्यांना. म्हणजे कुणी आग्रह करणार नाही."

"सांगतो," अण्णा म्हणाले. आणि कुणाला सांगितलं नाही.

का नाही सांगितलं? गावातल्या एका म्हाताऱ्या भजनकऱ्याचं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याला अर्धांगाचा झटका आला, त्यातून तो बरा उठला, आवाज पहिल्यासारखा खणखणीत. पण लोक म्हणाले, "बुवा, तुमी आता आराम करा, दगदग नको." मायेनंच म्हणाले. आणि त्यानंतर त्याला भजनाला बोलावणंच आलं नाही. दारात बसून तो लांबून येणारा टाळांचा आवाज ऐकायचा. अण्णांना मरणाचं एवढं भय वाटत नव्हतं, जेवढं त्या दारात बसण्याचं वाटत होतं. लोकांनी हाक मारणं थांबवलं तर त्या घरात ते कुणाशी बोलणार होते? भिंतीशी?

मग त्यांनी हिशेब बसवला. घरात पाणी प्यायचंच नाही. सकाळची गोळी एका घोटाबरोबर, भाकरी कोरडीच, आणि उरलेलं सगळं पाणी लोकांच्या घरी प्यायला राखून ठेवायचं. बाहेर एक पेला झाला की घरी येऊन बाटलीतलं पेलाभर परसातल्या शेवग्याला घालायचं. जीभ टाळ्याला चिकटायची. तोंडात खडीसाखर धरायची, ओठांवरून ओलं फडकं फिरवायचं. कधी कधी माठाकडं बघून डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते तेवढंच वर्ज्य नव्हतं. घरी तहानेला राहून दारोदार पाणी पिणारा असा माणूस त्या मुलखात दुसरा नसेल.

हे जमलंही होतं. सूज उतरली, दम कमी झाला. आणि त्यात कल्याणच्या मुलीची सोयरीक आली.

कल्याण जवळच्याच गावचा. त्याची मुलगी संस्कृती, नाकीडोळी नीटस, बी.ए. झालेली, तोंडानं जरा फटकळ. श्रीगोंद्याच्या काकासाहेबांचा मुलगा अण्णांनीच सुचवला होता. पाहणं झालं, पसंती झाली, मुलगा-मुलगी फोनवर बोलायला लागली. आता काकासाहेब चार माणसं घेऊन शेवटच्या बैठकीला येणार होते. अण्णांनी पाणी घ्यायचं, मग सुपारी फुटायची, असा सगळा बेत.

चैत्राचं ऊन. काकासाहेबांची गाडी दुपारी येणार होती, पण त्याच दिवशी सकाळी दुसऱ्या एका गावी अण्णांना मुलगा बघायला नेलं. तिथं पाणी झालं, चहा झाला, निघताना ताकाचा पेला हातात दिला. तिथून येताना वाटेत, पूर्वी सोयरीक जमवून दिलेल्या एका व्याह्यांनी अडवलं, उसाचा रस पाजला. जन्मात नाही म्हणायला न शिकलेला माणूस, तो प्यायला. कल्याणच्या ओसरीवर येऊन टेकले तेव्हा छाती जड झाली होती आणि सदऱ्याच्या आत घाम थंड लागत होता.

बैठक भरली. काकासाहेब लोडाला टेकून बसलेले, कल्याण हात जोडून दाराशी. संस्कृतीची आई सुकन्या ताटलीत पितळी पेला घेऊन आली आणि तिनं तो आधी अण्णांसमोर धरला. सगळ्यांचे डोळे त्यांच्या हाताकडं लागले. अण्णांनी पेला उचलला. ओठांपर्यंत नेला, आणि खोकल्याची अशी उबळ आली की डोळ्यांपुढं काळोख झाला. इथं कोसळलो तर संपलं सगळं, एवढा एकच विचार त्यांच्या डोक्यात आला. त्यांनी पेला होता तसा ताटलीत ठेवला, "आलोच," असं काहीतरी पुटपुटले, आणि भिंतीला धरत धरत बाहेर गेले. गोठ्यामागं जाऊन बसले आणि गुरांच्या दावणीला डोकं टेकून कितीतरी वेळ श्वास ओढत राहिले.

त्यांना बरं वाटून ते परत आले तोवर आत काय व्हायचं ते होऊन गेलं होतं. काकासाहेबांनी भरला पेला पाहिला. त्यांच्या मनात आलं, अण्णांना मुलीकडचं काहीतरी कळलंय. कल्याणनंही तोच पेला पाहिला. त्याच्या मनात आलं, अण्णांना मुलाकडचं काहीतरी कळलंय. दोघंही खानदानी, त्यामुळं दोघांनीही तोंड उघडलं नाही. काकासाहेब "कळवतो" म्हणाले, कल्याण "बरं" म्हणाला, आणि गाडी निघून गेली. सुपारी ताटात तशीच राहिली. अण्णा ओसरीवर आले तेव्हा सुकन्या सतरंजी गुंडाळत होती. तिनं त्यांच्याकडं पाहिलं आणि डोळे पुसून म्हणाली, "तुमी वाचवलंत आमाला, अण्णा." अण्णांना आपण कशातून वाचवलं तेच कळेना. कळलं तेव्हा पायांखालची जमीन सरकली, पण तेव्हाही ते बोलले नाहीत.

मग दोन्हीकडं शोध सुरू झाला. आणि खोट शोधायला निघालं की ती देवाच्या मूर्तीतही सापडते. श्रीगोंद्याला कुणीतरी म्हणालं की मुलीच्या आत्याला फिट येतात. इकडं कुणीतरी म्हणालं की मुलगा कारखान्यावर नको त्या संगतीत असतो. दोन्ही गोष्टी थापा. अण्णांना दोन्ही कानांवर आल्या. रोज ते ठरवायचे, उद्या जाऊन सांगू. आणि रोज सकाळी त्यांना तो दारात बसलेला भजनकरी आठवायचा.

शेवटी संस्कृतीच आली. एकटी, भावाची स्कूटी घेऊन, भर उन्हात. अण्णा भाकरी खात होते. ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"अण्णा, त्या दिवशी पानी का न्हाई घेतलं तुमी?"

"बस आधी, पोरी."

"बसायला न्हाई आले मी. त्याच्यात काय खोट हाय ते सांगा. मला त्यो खोटा वाटत न्हाई. पन तुमी उठला, म्हंजी काय तरी आसनारच. आईनं मोबाईल काढून घेतलाय माजा. घरात समदी म्हंत्यात अण्णा वाचवत्यात. कशापासनं वाचवत्यात ते एकदा माज्या तोंडावर सांगा, मी गप बसते."

तिचे डोळे सुजले होते, आणि तरी ती सरळ त्यांच्याकडं बघत होती. इतक्या वर्षांत असं कुणी विचारलंच नव्हतं. लोक पेल्याकडं बघायचे आणि आपापलं समजून घ्यायचे. अण्णांनी हातातला घास ताटात ठेवला. ऊन लागलं होतं, घसा बसला होता, असं काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. पण मग बैठक पुन्हा बसली असती, पेला पुन्हा पुढं आला असता, आणि त्या दिवशी छाती साथ देईल याची खात्री कुणी द्यावी? या पोरीचं आयुष्य आपल्या त्या एका पेल्यात बुडणार, हे त्यांना दिसलं आणि स्वतःची फार शरम वाटली.

"त्याच्यात खोट न्हाई," ते म्हणाले. "तुज्यातबी न्हाई. खोट ह्या हितं हाय." आणि त्यांनी छातीवर हात ठेवला. मग सगळं सांगितलं. डॉक्टर, सूज, सव्वा लिटर, शेवग्याला घातलेलं पाणी, गोठ्यामागची दावण.  संस्कृती हळूहळू उंबऱ्यावर बसली.

"मंग हे आधी नसतं का सांगता आलं?" ती म्हणाली. आवाजातला राग गेला होता.

"न्हाई आलं, बाई."

त्यांनी तिच्यासमोरच काकासाहेबांना फोन लावला. तिकडून मोठ्या आवाजात ऐकू आलं, "अहो अण्णा, मग त्याच दिशी बोलायचं न्हाई का! आमी हिकडं पोरीच्या सात पिढ्या धुंडाळल्या!"

"पोरगी सोनं हाय, काकासाहेब. पानी प्यालो न्हाई कारन मला पानी चालत न्हाई. एवढंच हाय ते."

सोयरीक पुन्हा जमली, आणि वैशाखात लग्न ठरलं. कल्याण अण्णांच्या पाया पडला, आणि त्यानं खरोखर मनापासून ठरवलं की आता या माणसाला जपायचं. अण्णांना कुणी पाणी पुढं करायचं नाही, असं त्यानं आख्ख्या भावकीला बजावलं. वैजनाथलाही फोन करून सगळं सांगितलं, आणि वैजनाथनं चाकणहून ओळखीच्या घरोघर फोन केले.

लग्नात अण्णांना पुढच्या रांगेत गादीची खुर्ची होती. टोपी झाली, उपरणं झालं. ऊन रणरणत होतं, जारचं गार पाणी आणि सरबताचे ग्लास घेऊन पोरं रांगांतून फिरत होती. तेवढ्यात माईकवरचा सूत्रसंचालक, ज्याला दोन मिनिटं गप्प राहवत नव्हतं, त्यानं कल्याणच्या सांगण्यावरून जाहीर केलं, "आपले सर्वांचे लाडके गोरखअण्णा यांना डॉक्टरांनी पाणी वर्ज्य केलेलं आहे. तरी कुणीही त्यांना पाणी, सरबत देऊ नये, ही नम्र विनंती!" मांडवातल्या सगळ्या माना वळल्या. बायकांनी च् च् केलं. वर्ज्य नाही हो, मोजून चालतं, असं अण्णा म्हणाले, पण पुन्हा बॅन्ड सुरू झाला होता. सरबताचा ट्रे त्यांच्या शेजारच्यापर्यंत आला, त्यांना वळसा घालून पलीकडच्याकडं गेला. संस्कृती पाया पडायला आली तेव्हा त्यांना पाण्याचा उपदेश करायचं सुचलंच नाही. सुखी राहा, म्हणाले.

त्यानंतर सगळीकडं तसंच झालं. कुणाच्या दारात गेले की लोक "या अण्णा" म्हणायचे, खुर्ची द्यायचे, पंखा लावायचे. सगळे प्रेमानं विचारायचे, "तब्येत काय म्हनते?" पण आतून भांड्याचा आवाज यायचा नाही. पोरगी ताटली घेऊन निघालीच, तर आई डोळ्यांनी दटावून तिला मागं फिरवायची. आणि पाणीच पुढं येईना म्हटल्यावर अण्णांच्या हाताकडं बघायचं कारणही कुणाला उरलं नाही. बसून करायचं काय? जरा वेळ पावसाचं, जरा वेळ गुडघ्यांचं बोलणं व्हायचं, आणि मग कुणीतरी म्हणायचं, "अण्णा, उनाचं कशाला फिरता? आराम करा आता." पुढं बोलावणीही कमी झाली. लोक मोबाईलवरच मुला-मुलींचे फोटो नि माहिती एकमेकांना पाठवायला लागले. कुणाच्याही मनात पाप नव्हतं, म्हणून तर अण्णांना रागावायचीही सोय राहिली नाही.

पावसाळा सरत आला होता तेव्हाची गोष्ट. अण्णा जामखेडच्या रस्त्याला एका घरी जाऊन आले. तासभर बसले, उठले, चालत घरी आले. पिशवीतून बाटली काढली तर ती अर्धीहून जास्त भरलेली. डॉक्टरांनी दिलेलं दिवसाचं पाणी दिवस मावळायला आला तरी शिल्लक होतं. याच पाण्यासाठी मध्यंतरी जीव कासावीस व्हायचा. त्यांनी झाकण फिरवलं, बाटली तोंडाला लावली आणि तशीच खाली ठेवली. तहान होती, पण एकट्यानं बाटलीनं प्यायची नव्हती. विजयमाला असती तर "काय बघत बसलाय, प्या की," म्हणाली असती. त्यांनी टोपी घातली आणि शेजारच्या बनुबाईच्या दारात जाऊन उभे राहिले.

बनुबाई ओट्यावर सूप घेऊन तूर निवडत होती.

"बनुबाई, जरा पानी दे गं."

जन्मात त्यांनी कुणाकडं पाणी मागितलं नव्हतं. ते न मागताच यायचं. बनुबाईनं दचकून वर पाहिलं. "तुमाला बंद हाय न्हवं पानी? वैजनाथचा फोन आल्ता मला. म्हनला, काकू, नका देऊ."

"बंद न्हाई. माप हाय त्याला. आजचं माज्या वाटंचं उरलंय."

"मग घरी...?" असं म्हणता म्हणता ती थांबली. सूप बाजूला ठेवून आत गेली आणि ताटलीत पेला घेऊन आली. अर्धाच भरला होता. अण्णा ओट्याच्या कडेला बसले, दोन्ही हातांत पेला धरला आणि एक घोट घेतला. पाणी माठाचं होतं, गार.

"कल्यानची लेक नांदतीया न्हवं चांगली?" बनुबाईनं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं आणि पुन्हा सूप ओढलं.

"नांदतीया म्हंजी! आगं, त्या लगनाची लई गंमत झाली," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी पार पहिल्या पाहण्यापासून सुरुवात केली. काकासाहेब कसे बसले, मुलगा कसा लाजला, आत्याच्या फिटची थाप कुणी उठवली असेल. बनुबाई तूर निवडत हुं हुं करत होती. एकदा हसलीही. मधून मधून तिची नजर पेल्याकडं जायची, कारण चूल पेटवायची वेळ झाली होती आणि पेला रिकामा झाला की तिला आत जाता आलं असतं. अण्णांच्या ते ध्यानात आलं. ते बोलत राहिले. समोरच्या खांबावरचा दिवा लागला, सुपातली तूर निवडून झाली, तरी पेल्याच्या तळाशी एक घोट होता. तो त्यांनी प्यायला नाही. तो संपला असता तर उठावं लागलं असतं.